मुळं वर

रालामंडलच्या पायथ्याशी वनखात्याचा हॉल,
दोन पंखे, त्यातला एक फिरणारा.
छातीवर बिल्ला: आठले.
आठल्ये, मी दोनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा सांगणार तर चहा आला.

प्रत्येकाला एक पिशवी.
रबरी हातमोजे, सगळे पुरुषी मापाचे,
लाल दांड्याची कुदळ, शिट्टी,
आणि एकशे बारा पानांची पुस्तिका, हिंदीत,
शेवटची चार पानं कोरी, टिपणांसाठी.

बिसेन सर फळ्याला एक फांदी टेकवतात.
हिला काय म्हणता?
राइमुनिया, मागून आवाज.
घाणेरी, मी म्हणते. आमच्याकडे टणटणीही.
थावरीबाई काही बोलत नाही.
तिच्या आजीच्या डोंगरावर हे झाडच नव्हतं.

शाळेतून येताना रेसिडेन्सीच्या कुंपणापाशी
आम्ही हिची फुलं एकात एक खुपसून माळ करायचो,
देठाकडून मध चोखायचो.
कुण्या साहेबाला शोभेचं कुंपण हवं होतं, सर सांगतात,
कुंपण उठलं आणि रानात गेलं.

मग बाहेरचं सगळंच वाईट का, कुणीतरी विचारतं.
सर हसतात.
सकाळी पोह्यात मिरची होती ना? बटाटा? वर पेरू खाल्लात?
सगळे समुद्रापलीकडचे.
बाहेरून येणं हा गुन्हा नाही.
आपल्या सावलीत दुसऱ्याला उगवू न देणं,
ते लिहा.

मी लिहिलं.
आमचे खापरपणजोबा कोकणातून
होळकरांच्या दप्तरात कारकून म्हणून आलेले.
त्यांनी कुणाला उगवू दिलं, कुणाला नाही,
त्याचं दप्तर आमच्या घरी नाही.

दुसरा दिवस हातांचा.
खोड तोडायचं नाही,
तोडलं की ती सात तोंडांनी फुटते.
मातीच्या खाली, बोटाच्या दोन पेरांवर,
जिथं खोड संपतं आणि मूळ सुरू होतं
तिथं एक घाव,
आणि सगळं झुडूप उचलून
तसंच्या तसं पालथं घालायचं,
मुळं वर.
मातीला शिवलं नाही की मरतं.

माझा पहिला घाव दगडावर. दुसरा बुटावर.
थावरीबाईनं हातमोजे काढून कमरेला खोवलेले,
माझं एक होईतो तिची अकरा.
प्रशिक्षक बदलायला हवा, सर म्हणाले.
सगळे हसले. ती पुढच्या झुडपाकडे गेली.

तिसऱ्या दिवशी, उताराच्या वळणावर,
माझ्या वाट्याच्या सोळाव्या झुडपात
बुलबुलाचं घरटं.
तीन पिल्लं. म्हणजे नुसत्या चोची.

सरांनी पुस्तिका उघडली.
पान एक्केचाळीस:
बुलबुल हिची फळं खातो, बी लांबवर पेरतो.
पेरणाऱ्याच्या पिल्लांचं काय करायचं
ते बेचाळीसवरही नव्हतं.

थावरीबाईनं पदराची कड फाडली, तांबडी,
फांदीला बांधली.
बारा दिवस, म्हणाली. मग या.

प्रमाणपत्र मिळालं. त्यावरही आठले.

बारावा दिवस रविवार निघाला.
स्कूटीला पिशवी अडकवून गेले
तर ती आधीच येऊन दगडावर बसलेली.
घरटं रिकामं.
काठावर सुकलेली विष्ठा, तीत एक काळं बी.
घाणेरीचंच.
ते मी चिमटीत धरून उभी राहिले,
तिनं घाई केली नाही.

मग खाली वाकले.
दोन पेरं. एक घाव.
या वेळी बसला.
उचललं, पालथं घातलं, मुळं वर.
चिंधी सोडवून तिनं परत कमरेला खोवली.

उघड्या पडलेल्या मातीत
केसाएवढं, पिवळट काहीतरी उभं होतं,
उन्हाची सवय नसलेलं.
हे काय?
तिनं एक नाव सांगितलं.
मी पुन्हा विचारलं.
तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश,
मी आठल्ये सांगते तसं.

कोरं पान काढलं.
ते नाव अक्षरांत बसवताना
तीनदा खोडलं.