चौरस इंचाला अडीच सेंट

बारा फुटांचं मशीन गॅरेजात आलं
तेव्हापासून व्हर्ननची पिकअप बर्फात उभी असते.
तेवीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
वळण किती मोठं घ्यायचं ते हातांना कळतं.
ताणून बसवलेल्या गोधडीवर
मशीनच्या मुठी धरून पिसं काढत जायला
मला फार दिवस लागले नाहीत.
भाव सांगायला लागले.

पहिली आली लव्होन, मुलीच्या लग्नाची गोधडी घेऊन.
"किती घेशील?"
माझी जीभ टाळूला चिकटली.
ऐंशी, म्हटलं. आतला कापूसही माझाच.
अकरा तास उभी होते, पोटऱ्यांचे दगड झाले.
जाताना म्हणाली, तुला तर हे आवडतंच ना करायला.
आवडतं.
पण मशीनचा हप्ता दर पाच तारखेला येतो,
त्याला माझ्या आवडीनिवडीशी देणंघेणं नाही.

मग ट्रूडी. तिला पिसं हवीत पण दाट नकोत,
दाट नकोत पण पोकळ दिसता कामा नये,
दोरा गुलाबी, पण उठून दिसायला नको,
शुक्रवारच्या आत,
आणि केअर्नीची बाई म्हणे निम्म्यात करते.
मग केअर्नीला जा,
हे वाक्य मी तिची गाडी वळणाआड गेल्यावर
मशीनला ऐकवलं. मोठ्यांदा.

नेब्रास्कातल्या आमच्या सातशे वस्तीच्या गावात
भाव वाढवला की तो चर्चमध्ये आपल्या आधी पोचतो.
व्हर्नननं पुठ्ठ्यावर जाड मार्करनं लिहिलं:
चौरस इंचाला अडीच सेंट.
खिळा ठोकून टांगला.
मी त्याच खिळ्याला माझा ॲप्रन अडकवला.

नोव्हेंबरात आर्डिस बोमगार्ट आली.
चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली बाई.
मी दहा वर्षांची होते, भाऊ नौदलात, ग्वामला.
पत्रात मी त्याच्या कुत्र्याचे चिमूटभर केस घातले होते.
तराजूचा काटा केसभरच पुढे गेला.
"अजून नऊ सेंट," म्हणाली,
आणि मला बर्फातून घरी परत पाठवलं.

तिच्या गोधडीच्या कडा पापडासारख्या फुगलेल्या.
तीन ठिकाणी मोजली, तीन आकडे आले.
ती शेजारी उभी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
ही शिवण उसव. इथे टाका लांब नको.
कोपऱ्यांत बदाम काढू नकोस, बदामांचा मला कंटाळा आहे.
निघताना तिनं ॲप्रन दोन बोटांनी उचलून पाहिला,
खालचं वाचलं,
तसाच सोडला.

बिल मी तीनदा लिहिलं.
एकात वीस कमी केले, फाडलं.
एकात तिचं वय धरलं, तेही फाडलं.
मग ते नऊ सेंट आठवले.
अठ्ठ्याऐंशी गुणिले शहाण्णव.
दोनशे अकरा डॉलर वीस सेंट.
वरचे वीससुद्धा लिहिले. हात कापत होता.

तिनं आधी गोधडी उलटी केली,
मागच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, काठापासून काठापर्यंत.
मग बिल.
"चुकलंय."
माझ्या पोटात गोळा आला.
"दोरा धरला नाहीस तू. आणि कडा सरळ केल्यास, त्याचे?"
पर्समधून पेन काढून स्वतःच्याच बिलात
तिनं चौदा डॉलर वाढवले, खाली रेघ ओढली,
नोटा मोजल्या,
आणि दहा-दहा सेंटची दोन नाणी
वर अशी ठेवली, जसं तिकीट चिकटवतात.
छान झालंय वगैरे काही नाही.
गोधडी खांद्यावर टाकून गेली.

ॲप्रनला आता वेगळा खिळा आहे.
काल लव्होन पुन्हा आली, नातवाची गोधडी घेऊन.
मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.
ती गप्प झाली. बराच वेळ गप्प राहिली,
आणि तेवढ्यात माझ्याकडून पाच डॉलर सुटले.
दोऱ्याचे मात्र लावले.