नंबर

अशोक स्तंभाजवळ आमचं चष्म्याचं दुकान.
माझ्या टेबलावर जाड वही:
नाव, उजवा, डावा, जवळचा,
आणि शेवटच्या रकान्यात मोबाईल.
एका ओळीत माणसाचे चार नंबर,
त्यातले तीन त्याच्या उपयोगाचे.

चौथ्यावर आम्ही पाठवत असू
फ्रेमवर तीस टक्के, पाडव्याला गॉगल,
वाढदिवसाला चित्रातला केक.
विमल थेटेंना एकदा गेलं,
'आपल्या डोळ्यांची काळजी आम्हाला',
नेमकं मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी.
नंतर म्हणाल्या, अगं, पट्टी बांधून पडले होते,
उशाशी फोन थरथरला,
मला वाटलं, लेकीचा.

मग नवा नियम आला.
शिरीषभाऊ सीएकडून जाऊन आले,
घाम पुसत म्हणाले, आता विचारायचं.
काय?
हेच, की तुम्हाला कळवत राहू का.
इतकी वर्षं नाही विचारलं ते?
हो, ते.

कागद छापून आला. अक्षर मुंगीएवढं.
तळाशी चौकोन, चौकोनात बरोबरची खूण,
छापूनच आलेली.
गिऱ्हाइकाचे कष्ट वाचतात, भाऊ म्हणाले.

पहिल्या आठवड्यात एकतीस होकार.
मान तिरपी, पेन माझंच.
'कुठे करू?' सगळे विचारतात.
'कशाला?' कुणी नाही.

शनिवारी पद्माकर गायधनी आले,
नाशिकरोडहून, बस बदलून.
नोट प्रेसमध्ये अठ्ठावीस वर्षं
कोऱ्या करकरीत नोटांतले दोष हुडकलेले:
पसरलेली शाई, सरकलेला आकडा.
रिक्षावाल्याने सुटे दिले
तरी अजून उलटून पाहतात.

नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली.
जवळचं वाचायचा तक्ता
पोऱ्याने लॅमिनेशनला नेलेला.
हाताशी होता तो कागद दिला.
वाचा काका, जमेल तिथपर्यंत.

'माझा... क्रमांक...'
पाव नंबर वाढवला.
'...जाहिरातीसाठी वापरण्यास...'
अजून पाव.
'...माझी हरकत नाही.'

थांबले.
कागद ट्यूबलाईटसमोर धरला,
आतलं पाणचिन्ह शोधावं तसा.
ही खूण कोणी केली?
छापतानाच आहे, काका.
माझी ना?
हो, म्हणजे... तुमचीच.
मग माझ्या आधी कशी आली?

पेटीतली सगळी भिंगं चाळली असती
तरी याला नंबर लागला नसता.

चष्मा तयार झाला की तेवढा फोन करा, म्हणाले,
बाकी काही नको.
आणि कागद बाजूला ठेवला,
बाद नोट ठेवावी तसा,
दोन बोटांनी, रागाशिवाय.

रात्री शटर अर्धं ओढून
मी एकतीस कागद वहीशी ताडले.
सव्वीस सह्यांची तारीख
चष्मा टाकला त्या दिवसाची.
जुनी फ्रेम आमच्या ड्रॉवरमध्ये,
नवी काच अजून घासायची,
आणि मधल्या धुक्यात
माणूस म्हणाला होता, हो.

भाऊंना सांगितलं.
गल्ला मोजता मोजता म्हणाले, सही ती सही.
मग बराच वेळ
एकच नोट तीनदा मोजली.

सोमवारी नवा कागद.
अक्षरं तक्त्याच्या वरच्या ओळीएवढी.
चौकोन दोन, दोन्ही रिकामे,
आणि खाली, नंतर कधीही नको म्हणा,
एवढंच सोपं आहे.
सव्वीस पाकिटं पोऱ्याने घरोघर दिली,
पंचवटी, मखमलाबाद, सिडको.

आता मी एकेक फोन लावतेय.
रुख्सानाआपा, पाकीट मिळालं?
मिळालं ना बेटा. हो लिहून टाक.
नाही आपा. आधी चष्मा लावा.

अगं, कुठे ठेवलाय कोण जाणे.
शोधा. मी आहे.

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज,
लांब जाणारी चप्पल,
एक खण उघडतो, दुसरा,
कुकरची शिट्टी.

मी वहीत काही लिहीत नाही.