घसा

बायकोला सांगितलं, उधारी वसूल करायला चाललोय.
खोटं नव्हतं. साडेतीनशे रुपये,
कॉलेजच्या पोरांकडे, दिवाळीपासून.
बिल घडी करून खिशात,
डिकीत व्हर्नियर, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला.
तो कशाला घेतला ते तिला नाही सांगितलं.
मलाही गोत्री मागे पडेपर्यंत
धड माहीत नव्हतं.

मकरपुऱ्यात एकतीस वर्षं लेथवर उभा आहे.
शाफ्ट, बुश, पुल्या.
जे केलं ते जमिनीवर फिरत राहिलं
नाहीतर जमिनीखाली, बोअरच्या पाण्यात.
वर जाणारं काही
माझ्या चकमध्ये कुणी आणलं नव्हतं.

ही पोरं आली. ड्रॉइंगचा कागद घामानं मऊ झालेला.
मधल्या अरुंद भोकावर बोट ठेवून चष्मेवाली म्हणाली,
काका, हा थ्रोट. नऊ मिलिमीटर.
इथं केसभर चूक चालणार नाही.
मी म्हटलं, घसा म्हण की.
तीन तुकडे वाया गेले, चौथ्याला जमला.
त्या तिघांचे पैसे मी लावले नाहीत.

सिंधरोटच्या पुढे, महीच्या कोतरांत
दोरी बांधली होती.
आत प्रोफेसर, आईबाप, थेपल्यांचे डबे.
बाहेर मी,
आणि एक भरवाड, त्याच्या अकरा म्हशी.
हे काय चाललंय, त्यानं विचारलं.
म्हटलं, रॉकेट.
कुणाचं?
यावर मी जरा वेळ म्हशीच मोजल्या.

दहा, नऊ, आठ करत शून्य आला
आणि काहीच झालं नाही.
वायर सैल होती म्हणे.
पाऊण तास ऊन.
त्या पाऊण तासात मी तो तुकडा
मनातल्या मनात पुन्हा कातला,
पहिल्या फेसिंगपासून,
आणि प्रत्येक वेळी कुठेतरी हात चुकला.

मग कुणी आकडे मोजत नसतानाच गेलं.
आधी दिसलं, आवाज मागून आला,
कोतराच्या भिंतींना धडकत.
सगळे टोकाकडे बघत होते.
मी शेपटीकडे.
अडीच सेकंद, जास्त नाही,
अडीच सेकंद तो सगळा जाळ
माझ्या नऊ मिलिमीटरमधून रांगेनं बाहेर पडला,
न ढकलता, न सांडता.
मी ओरडलो म्हणे.
मला आठवत नाही, भरवाड सांगतो.
म्हशी पळाल्या एवढं खरं.

पॅराशूट अर्धंच उघडलं.
पलीकडच्या तुरीत जाऊन पडलं.
पोरं धावली. मी गुडघ्याच्या मानानं पोचलो.

काका, तमे? एकला?
एकलाच. उधारीला आलोय.
ती लाजली. चौघांच्या पाकिटांतून
गोळा करून दिले, पन्नास तर सुटे.
मी मोजून घेतले.
सोडून देणं जमलं असतं,
पण मग ते काम राहिलं नसतं.

मग म्हटलं, जरा ते दे इकडे.
अजून गरम होतं. रुमालात धरलं,
आतली काजळी करंगळीनं पुसली, व्हर्नियर लावला.
नऊ पॉइंट चार.
आगीनं चार दशांश खाल्ले होते,
पण सगळीकडून सारखे.
फिरवून फिरवून चार जागी लावून पाहिलं.
इतकं गोल
मला एकतीस वर्षांत आलेलं नाही.

तिनं वहीत आकडा लिहिला.
शेजारच्या रकान्यात, कुणी मोजलं, तिथं पेन थांबलं.
इतके दिवस मी लेथवाले काका होतो.
हणमंत शितोळे, मी म्हटलं,
आणि शितोळेतला ळ तिला काढून दाखवला.

घरी पोचलो तर दिवेलागण झालेली.
मिळाले का, तिनं विचारलं.
सगळं सांगायला तोंड उघडलं
आणि नुसती हवा आली.
तिनं पाणी पुढं केलं.
म्हणाली, साडेतीनशे रुपड्यांसाठी
एवढं भांडलात?