ताम्पोको

उद्यमनगरात टायर रिमोल्डच्या दुकानावर एक खोली.
मंगळवार-शुक्रवार, साडेसात. जिन्यात तापल्या रबराचा वास.
इंगवले सर अठरा वर्षं जहाजाच्या इंजिनात होते,
स्पॅनिश त्यांना बंदरांनी शिकवली, हाताचं ग्रीस पुसता पुसता.
आम्ही सहाजण. मी शिरोलीच्या फाउंड्रीत एक्स्पोर्टचे कागद बघते,
शेजारी तौफिक मुजावर, डाय बनवतो,
वहीतली रेघसुद्धा सूतभर हलू देत नाही.

सर फळ्यावर उभी रेघ मारतात.
डावीकडं आल्गो, उजवीकडं नादा.
आल्गियेन, नादिये. सिएम्प्रे, नुन्का.
काहीतरी आणि काहीच नाही,
कुणीतरी आणि कुणीच नाही.
निंगुनो पुल्लिंगी नामापुढं आला की
शेवटचा ओ बाहेर काढून ठेवतो,
देवळात शिरताना चप्पल काढावी तसा.
(हे मला उद्याच लागणार आहे:
कास्टिंगमध्ये निंगून दोष नाही, असं लिहून द्यायचंय.)

"नादिये दारात आधी येऊन उभा राहिला
तर नो-ला आत जागा नाही.
मागनं आला, तर मात्र नो पुढं पाहिजेच."
नो किएरो नादा.
तौफिकचा हात वर: "सर, दोन नकार म्हणजे होकार झाला की."
"गणित सोड. पाहुणा दोनदा नको म्हणाला
तर तू तिसरी भाकरी वाढतोस काय?"
सगळे हसलो.
कोल्हापुरात वाढतोच की.

मग मी विचारलं, नको, नाही, नव्हे, नये
ह्या सगळ्यांना तिकडं काय म्हणतात?
सर खडूकडं बघत राहिले. "एकच. नो."
मला वाटलं, केवढी तंगी.
आणि मग बापू आठवले.

तीस वर्षं मोल्डिंगला होते बापू.
वाळू मुठीत दाबून ओल सांगायचे,
शिवी दिली तरी तिला ताल असायचा.
दोन वर्षांमागं उजवी बाजू गेली,
तिच्याबरोबर शब्द गेले,
एक सोडून.

चहा? न्हाई. आणि डावा हात कपाकडं.
पंखा लावू? न्हाई, पण डोळे मिटतात समाधानानं.
मटणाचा पांढरा रस्सा बघून तर
न्हाई, न्हाई, न्हाई,
वाटी पुढं, पुढं.
शेजारचे शिवगोंडा मामा आले की
न्हाई म्हणत रडतात, न्हाई म्हणत हसतात.
डॉक्टरांनी मला समजावलं होतं,
शब्दाकडं बघू नका, चेहऱ्याकडं बघा.
व्याकरण म्हणून एवढंच.

परवाची रात्र. घरचा अभ्यास: दहा वाक्यं,
होकारी असतील ती नकारी करा.
कुणीतरी हाक मारतंय. कुणीच हाक मारत नाही.
मराठीत नाही शेवटी येतं, तेव्हा जाणवलं.
वाक्य संपेपर्यंत माणूस आशेला धरून बसतं.
कुणी, आज, दारात, आलं...
आणि मग.
सातव्या वाक्याला अडले. तांबियेनच्या समोर ताम्पोको.
"मीही नाही" याला अख्खा एक शब्द.
आपल्याकडं नाही तसा.

दीड वाजला असेल. पलीकडं खाट करकरली.
मी विचारलं, "बापू, झोप न्हाई?"
"न्हाई."
ना हात पुढं, ना डोळे मिटले.
दोन वर्षांत पहिल्यांदा
त्यांचा न्हाई नुसताच न्हाई होता.

मी खाटेच्या कडेला बसले.
"ताम्पोको," म्हणाले.
चेहऱ्याची डावी बाजू जरा हलली.
हसले की पेंड आली, सांगता येत नाही.
खाली रस्त्यानं दुधाची गाडी गेली.
सातवं वाक्य अजून कोरंच आहे,
शुक्रवारी सर विचारतील.