तीन नावं

पूर्वी अल ऐनला एकाच शर्यतीत सव्वीस गाड्या सुटायच्या.
पहिल्या वळणावर खलफानच्या पोरानं
आमच्या केतकीला वाळूत ढकललं होतं,
आणि मग दोघं एकाच डब्यातला शिरा चाटूनपुसून खात बसले.

यंदा क्लबनं चार नवे वर्ग काढले.
कुणाचं इंजिन वेगळं, कुणाचं वजन,
कुणाचा नुसता टायर.
झेंडेवाला बिजू दुपारपर्यंत काळवंडला.

केतकीच्या वर्गात तीन नावं.
एक आलंच नाही,
एकाची चेन तुटली.

ती एकटीच फिरत राहिली, नीट, नियमानं,
दर वळणाला मागे बघत,
कुणी येतंय का.

परतताना चषक मागच्या सीटवर
पट्ट्याविना गडगडत होता.
"बाबा, मी कुणाला हरवलं?"

मी एसी वाढवला.