ओल

पाठीकडचं कातडं घ्यावं, पोटाकडचं नको.
पोटाकडचं लगेच ताणतं,
कुणाच्याही हाताला हो म्हणतं.
हे वडिलांनी शिकवलं, मार्टिन उरीझारनी,
ज्यांनी विनेमक्कात चाळीस वर्षं खोगिरं शिवली
आणि बास्क भाषा फक्त सुई हरवल्यावर वापरली.

लायल आला नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी.
भावाचं रिव्हॉल्वर टॉवेलात गुंडाळलेलं.
"याला म्यान हवंय."
मी सगळ्यांना विचारते, कशासाठी.
नाही म्हणायला नव्हे, काप ठरवायला.
सापासाठी असेल तर मांडीवर, खाली.
कोयोटींसाठी असेल तर तिरकं,
घोड्यावर बसूनही हात पोचेल असं.
मिरवायला असेल तर फुलं कोरते
आणि पैसे दुप्पट घेते.
लायल म्हणाला, "असंच. असावं म्हणून."

मी चक्र उघडून खिडकीसमोर धरलं.
पाच भोकांतून उजेड आला.

सहाव्यातली काढली, रिव्हेटांच्या बरणीत टाकली.
टण्ण झालेलं दोघांनी ऐकलं
आणि आम्ही हवेबद्दल बोललो.
दारातून वळून म्हणाला,
कुत्रा शेजाऱ्यांना देऊन टाकला,
त्यांचं अंगण मोठं आहे.

रापीनं कापलं. कोमट पाण्यात बुडवलं,
बुडबुडे थांबेपर्यंत.
शेवटचा बुडबुडा नेहमी उशिरा येतो,
आपण हात घालणार एवढ्यात.
पिस्तूल प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत सरकवलं,
हाडाच्या पट्टीनं दाबत गेले
चक्राचा फुगवटा, घोड्याची कमान, नळीची धार.
ओलं असतं तोवरच कातडं ऐकतं.
मग आरी, मग शिवण:
एक दोरा, दोन सुया, एकाच भोकातून समोरासमोर,
म्हणजे एक टाका तुटला
तरी शेजारचे उसवत नाहीत.

पुढच्या मंगळवारी आला. "झालं?"
"अजून ओल आहे," म्हटलं.

बाहेर सगळा नेवाडा.
इथे धुतलेला टॉवेल तासाभरात काठीसारखा उभा राहतो,
ओठ फुटतात, दारं आकसून चौकटीतून वारा येतो.
लायल इथलाच, मिठाच्या धुळीत वाढलेला.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
खिडकीकडे पाहिलं.
"बरं," म्हणाला, आणि कॉफी घेतली.

डिसेंबर. अजून ओल आहे.
जानेवारी. जाड कातडं, वेळ लागतो.
फेब्रुवारीत त्यानं माझ्या शिवणचिमट्याचा ढिला पाय
न विचारता ठोकून दिला.
मार्चमध्ये भावाबद्दल एक वाक्य बोलला.
दुसरं एप्रिलमध्ये,
पहिल्याला न जोडलेलं.

खरं सांगायचं तर
म्यान थँक्सगिव्हिंगच्या आधीच तयार होतं,
कडा घासून, मेण लावून, काचेसारखं.
ते कपाटात, पिस्तूल तिजोरीत,
मधे दोन भिंती आणि मी.
एकदा रात्री काढून पाहिलं:
आत काही नव्हतं
तरी ते कुणाला तरी धरून बसलेलं.
दर सोमवारी झोपण्याआधी
मी त्यावर ओला स्पंज फिरवायचे.
खोटं बोलायचं तर
त्यात थोडं पाणी तरी खरं असावं.
माल बिघडला त्यानं. वरचा रंग डागाळला,
कड एका जागी फुलली.
वडिलांनी बघितलं असतं
तर सुई न हरवताच बास्क बोलले असते.

मे महिन्यात त्याच्या पिकअपच्या पुढच्या सीटवर
कुत्रा बसलेला दिसला,
काच चाटत, एक कान उलटा.
लायल आत आला. म्यानाचं विचारलं नाही.
टेबलाखालच्या कातरणांकडे बोट दाखवून म्हणाला,
"यातून याच्या गळ्याला पट्टा होईल?"

मी टेप घेऊन बाहेर गेले.
साडेसोळा इंच. दोन बोटं सैल सोडून अठरा.
"कधी मिळेल?"

"उद्या सकाळी," म्हटलं.
"या हवेत काय, रात्रीत वाळतं."