लवंगांवरची कोंबडी

वेतेत हा महिना लवंगांचा.
अंगणात, रस्त्याच्या कडेला, मशिदीच्या ओट्यापर्यंत
चटयाच चटया,
आणि पेंबा बेटभर वास असा
की मीठ चाखलं तरी लवंगच लागते.

देठ खुडून खुडून माझी नखं तपकिरी झालीत.
त्याच हातांनी वजू करते.
एकदा.
मग कोपर कोरडं राहिलं असेल म्हणून पुन्हा.
मग नाकात पाणी घेतलं होतं का, म्हणून पुन्हा.
होडी घेऊन निघताना माकामे म्हणाला,
"समुद्रात मीसुद्धा इतका भिजत नाही."
तो हसला. मीही हसले,
आणि सोललेलं कोपर कांग्याखाली ओढून घेतलं.

हात बांधून उभी राहिले
की आधी ओळखीचेच येतात.
काट्याला अंगठा लावून तोलणारा बाकारी,
चुलीवरचा भात,
नणंदेनं तीन वर्षांपूर्वी भर लग्नात ऐकवलेलं एक वाक्य,
ज्याचं झकास उत्तर
मला नेमकं रुकूत सुचतं.
येऊ देत. यांचं काही नाही.

पण कपाळ जमिनीला टेकलं
की एक येतो, त्याला नाव नाही.
म्हणतो, विहीर.
म्हणतो, मिझे पाच महिन्यांची, हलकी,
आणि कठडा गुडघ्याएवढाच.

एवढंच म्हणतो.

मी नमाज तोडून धावते.
मिझे झोपलेली असते,
मुठीत चटईचा एक धागा.

अठरा दिवस मी विहिरीवर गेले नाही.
शेजारच्या पोरीला पाठवलं, पाठ दुखते म्हणून सांगितलं.
अठरा दिवस सजद्यात जाताना
गुडघे असे वाकायचे
जसं कुणी अंधारात पायरी चाचपतं.

शेवटी बी शिनुनाला सांगितलं.
मिझेची नाळ तिनंच कापलेली.
तिच्याकडे न बघता सांगितलं, लवंगा पसरता पसरता,
आणि वाट पाहिली
तिनं तोबा म्हणण्याची,
पोर उचलून न्यायची.

तेवढ्यात एक कोंबडी चटईवर चढली.
मी उठले, तर म्हातारीनं कांगा धरून खाली बसवलं.
"बस. शू केलंस की पंख फडफडवते,
आणि अर्धी चटई धुळीत.
तिला काय लवंगा गोड लागणार आहेत?"

कोंबडीनं चोच मारली. मान झटकली.
पुन्हा एक चोच.
आम्ही दोघी देठ खुडत राहिलो.
मग ती उतरली, कडेकडेनं गेली
पपईच्या बुंध्याशी.

"तो बोलतो तेव्हा तुला काय होतं?"
"मळमळतं. वाटतं, जळून कोळसा व्हावं."
"मग ती मळमळणारी तू.
तिला मी ओळखते, बाळंतपणात माझा हात चावली होती."
जरा थांबून म्हणाली,
"आणि उद्या दवाखान्यातल्या नर्सला सांग.
अल्लाला न सांगता कळतं,
तिला सांगावं लागतं."

रात्री वीज नव्हती.
इशाला उभी राहिले. वजू एकच केली.
कोपर कोरडं असेल. असो.
बाकारी आला, भात आला,
आणि सजद्यात तोही आला, म्हणाला, विहीर.
मी शू केलं नाही.
तोंडातला शब्द होता तो पुरा केला,
मग पुढचा.
तो बराच वेळ होता.

या गडबडीत रकाती किती झाल्या, तीन की चार?
कमी धरायच्या, असं लहानपणी शिकवलेलं.
तीन धरल्या, चौथी पढले,
आणि विसरभोळ्यांसाठी ठेवलेले ते दोन जास्तीचे सजदे केले.
म्हणजे विसरणारे येणार,
हे आधीपासून ठाऊक होतं तर.

सकाळी मिझेला पाठीशी बांधलं,
गाठ दोनदा तपासली. दोनदाच.
दोर सोडला. पोहरा खाली आपटला, भरला.
पोटात मळमळत होतं.
दोर ओढत होते
आणि मिझे माझ्या मानेवर
लवंगांच्या वासाला शिंकत होती.